चांद्रमोहिमांचे ‘नव्याचे नऊ दिवस’: चंद्रावरचे माहितीपट काय दाखवतात आणि काय विसरायला लावतात?

२३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटं. चांद्रयान-३ मधलं विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरलं. त्या क्षणी इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक लोक होते. अनेक शाळा-कॉलेजांत पडदे लावले होते. मोबाइलवर पाहणाऱ्यांचे स्टेटस काही मिनिटांत तिरंग्याने भरून गेले.

आता एक सोपा प्रश्न. विक्रममधून बाहेर पडलेल्या प्रज्ञान रोव्हरने पुढचे दहा दिवस चंद्रावर काय केलं?

प्रज्ञान सुमारे १०० मीटर चाललं. तिथल्या मातीत गंधक असल्याचं त्याने प्रत्यक्ष जागेवर तपासून दाखवलं. २ सप्टेंबरला ते झोपी गेलं. ३ सप्टेंबरला विक्रमने इंजिन पुन्हा सुरू करून सुमारे ४० सेंटीमीटर वर उडी मारली आणि थोडं बाजूला जाऊन ते परत अलगद टेकलं. चंद्रावरून परत येणाऱ्या यानाची तयारी म्हणून ही उडी महत्त्वाची होती. हे सगळं त्याच वेळी जाहीर झालं होतं. पण त्यासाठी शाळांत पडदे लागले नाहीत.

‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण चांद्रमोहिमांना तंतोतंत लागू पडते. आणि हे फक्त आपल्याकडे घडलं असं नाही. ज्या मोहिमेला ‘साऱ्या मानवजातीची झेप’ म्हटलं जातं, त्या अपोलो ११ चीही गोष्ट हीच आहे. मग आपल्याला ती वेगळी का आठवते? याचं एक मोठं कारण आहे, नंतर बनलेले माहितीपट.

५० वर्षं न पाहिलेली रिळं

२०१९ मध्ये ‘अपोलो ११’ नावाचा माहितीपट आला. दिग्दर्शक होते टॉड डग्लस मिलर. चंद्रावर माणूस उतरल्याला त्या वर्षी ५० वर्षं पूर्ण होत होती. या माहितीपटात निवेदक नाही. आज म्हाताऱ्या झालेल्या शास्त्रज्ञांच्या मुलाखती नाहीत. फक्त १९६९ ची दृश्यं आणि १९६९ चे आवाज.

सुरुवातीलाच रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारं एक अवाढव्य वाहन रॉकेटला उड्डाणाच्या जागी घेऊन जाताना दिसतं. त्याच्या शेजारून चालणारी माणसं मुंगीएवढी वाटतात. मग किनाऱ्यावर, मोकळ्या जागांत जमलेले हजारो लोक दिसतात. कुणाच्या डोळ्यांना दुर्बीण, कुणाच्या हातात कॅमेरा. चित्र इतकं स्वच्छ आहे की ते कालच टिपलंय असं वाटतं.

हे चित्रीकरण ६५ मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर झालं होतं. म्हणजे मोठ्या पडद्यावरच्या भव्य सिनेमांसाठी वापरली जाणारी फिल्म. त्याची शंभराहून अधिक रिळं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून होती. मिलर यांच्या टीमने जुनं चित्रीकरण मागितलं, तेव्हा शोधाशोधीत ती समोर आली. त्यातलं बरंचसं सामान्य प्रेक्षकांनी कधीच पाहिलेलं नव्हतं.

सोबत ११ हजार तासांहून अधिक आवाजाचं रेकॉर्डिंग होतं. नियंत्रण कक्षातला प्रत्येक जण कानाला हेडफोन लावून कुणाशी ना कुणाशी बोलत होता, आणि ते सगळं टेपवर नोंदलं जात होतं. पण त्या कक्षाचं चित्रीकरण बहुतांश मूक होतं. स्टीफन स्लेटर या ब्रिटिश अभिलेख-संशोधकाने ओठांच्या हालचाली, घड्याळं आणि टेप पडताळून चित्राला त्याचा खरा आवाज जोडला. त्यामुळे ५० वर्षांपूर्वीचा तो कक्ष बोलू लागला.

प्रश्न असा की इतका मौल्यवान ऐवज इतकी वर्षं पडून का राहिला?

१९७२ मध्ये प्रेक्षकच नव्हते

अपोलो ११ च्या काळातच ‘मूनवॉक वन’ नावाचा माहितीपट तयार होत होता. दिग्दर्शक थिओ कॅमेकी. त्याला पाठबळ नासाचंच होतं. रुंद फिल्मवरचं बरंचसं चित्रीकरण याच प्रकल्पाच्या निमित्ताने झालं. चित्रपट लोकांसमोर येईपर्यंत १९७२ उजाडलं. तोवर अमेरिकेत चंद्र शिळा झाला होता. वितरकांनी फारसा रस दाखवला नाही आणि चित्रपट विस्मरणात गेला.

म्हणजे एकाच घटनेचं, एकाच प्रकल्पासाठी झालेलं चित्रीकरण. चंद्रावर माणसं अजून जात होती तेव्हा ते पाहायला कुणी नव्हतं. चंद्रावर जाणं थांबून ४७ वर्षं झाल्यावर त्याच रिळांनी बनलेला माहितीपट जगभरच्या चित्रपटगृहांत गाजला.

‘सगळं जग टीव्हीसमोर होतं’ हे किती खरं?

अपोलो ११ चं चंद्रावरचं थेट प्रक्षेपण जगभरात सुमारे ६० कोटी लोकांनी पाहिलं, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. त्या काळासाठी हा आकडा प्रचंड होता. पण तेव्हा जगाची लोकसंख्या साधारण ३६० कोटी होती. म्हणजे दर सहा माणसांपैकी पाच जणांनी ते प्रक्षेपण पाहिलंच नाही.

भारतातली बहुतांश जनता या पाचांमध्ये होती. नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवलं, तेव्हा आपल्याकडे २१ जुलै १९६९ ची सकाळ होती, साडेआठच्या सुमाराची. देशात टीव्ही होता तो फक्त दिल्लीत. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यानंतर अडीच महिन्यांत चंद्रावरची शेवटची अपोलो मोहीमही संपली. त्यामुळे महाराष्ट्रातल्या घरांत चंद्रावरचं पाऊल पोहोचलं ते रेडिओतून आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून. ऑक्टोबर १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स जगाच्या दौऱ्यावर असताना मुंबईत आले होते. ज्यांनी त्यांना इथे पाहिलं, त्यांनी चंद्रावरची माणसं पडद्याच्या आधी प्रत्यक्षच पाहिली!

आज आजी-आजोबांना विचारलं तर कुणी म्हणेल, ‘आम्ही टीव्हीवर पाहिलं होतं.’ ते खोटं बोलत नसतात. नंतर इतक्या वेळा ती दृश्यं दाखवली गेली की ती पहिल्यांदा कधी पाहिली, हे आठवणीतून पुसट होतं.

त्याच दिवशी हार्लेममध्ये काय सुरू होतं?

२०२१ मध्ये ‘समर ऑफ सोल’ हा माहितीपट आला आणि २०२२ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. तो चंद्रावरचा नाही. १९६९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीयांचा एक मोठा संगीत महोत्सव झाला होता, त्याचा आहे. त्याचं चित्रीकरणही जवळपास ५० वर्षं पडून होतं.

त्या महोत्सवाचा एक दिवस होता २० जुलै १९६९, म्हणजे अमेरिकेच्या वेळेनुसार चंद्रावर उतरण्याचा दिवस. माहितीपटात एक पत्रकार तिथल्या लोकांना विचारताना दिसतो की चंद्रावरच्या मोहिमेबद्दल तुम्हाला काय वाटतं. अनेकांचं म्हणणं एकच: तो पैसा इथल्या गरिबांच्या पोटासाठी वापरायला हवा होता.

हे मत फक्त हार्लेमपुरतं नव्हतं. अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी नागरी हक्क चळवळीचे नेते राल्फ अॅबरनॅथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन उड्डाणतळापाशी निदर्शनं करायला आले होते. नासाचे तेव्हाचे प्रमुख थॉमस पेन स्वतः त्यांना भेटायला बाहेर आले.

आकडेही हेच सांगतात. अंतराळ इतिहासकार रॉजर लॉनियस यांनी त्या काळातल्या जनमत चाचण्या एकत्र करून अभ्यासल्या आहेत. त्यांचा निष्कर्ष असा की १९६० च्या दशकात बहुतेक वेळा निम्म्याहून अधिक अमेरिकनांना अपोलोवरचा खर्च योग्य वाटत नव्हता. अपवाद जुलै १९६९ चा, म्हणजे प्रत्यक्ष चंद्रावर उतरण्याच्या वेळचा. तेव्हाही ‘खर्च वसूल झाला’ म्हणणारे होते जेमतेम ५३ टक्के.

हाच प्रश्न भारतालाही पडला होता. अपोलो ११ नंतर महिन्याभरात, १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रोची स्थापना झाली. गरीब देशाला रॉकेट कशाला, हा सवाल विक्रम साराभाईंना वारंवार विचारला जायचा. त्यांची भूमिका स्पष्ट होती: चंद्रावर जाण्याच्या शर्यतीत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचं स्वप्न आपण पाहत नाही, आपल्याला हे तंत्रज्ञान लोकांचे प्रश्न सोडवण्यासाठी हवंय. १९७५-७६ मध्ये नासाच्या उपग्रहाची मदत घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवले गेले, ते याच विचारातून. पुढे चंद्रावर उतरलेल्या लँडरला त्याच साराभाईंचं नाव मिळालं, हा काळाचा खेळ.

उत्साह इतक्या लवकर का ओसरला?

पहिलं कारण, शर्यत जिंकली होती. सोव्हिएत रशियाच्या आधी चंद्रावर पोहोचायचं, हे राजकीय लक्ष्य एकदा गाठल्यावर दुसऱ्या, तिसऱ्या मोहिमेचं कौतुक कुणाला?

दुसरं कारण पैसा. १९६६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातला जवळपास साडेचार टक्के वाटा नासाकडे जात होता. त्याच वेळी व्हिएतनामचं युद्ध सुरू होतं. अपोलो ११ च्या आधीच नासाच्या पैशाला कात्री लागायला सुरुवात झाली होती. आज हा वाटा अर्धा टक्काही नाही.

तिसरं कारण पडद्याचं. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ च्या अंतराळवीरांकडून रंगीत कॅमेरा चुकून सूर्याकडे वळला आणि निकामी झाला. लोकांना चंद्र दिसलाच नाही, नुसते आवाज ऐकू आले. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या अंतराळवीरांनी यानातून टीव्हीसाठी कार्यक्रम केला, तो अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी थेट दाखवलाच नाही. पहिल्या पावलानंतर वर्षही उलटलं नव्हतं. त्या कार्यक्रमानंतर काही मिनिटांतच यानातल्या ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला. मग मात्र सगळ्या वाहिन्या धावत आल्या.

१९७० मध्येच पुढच्या तीन मोहिमा रद्द झाल्या. डिसेंबर १९७२ मध्ये जीन सर्नन चंद्रावरून निघाले. एकूण १२ माणसं चंद्रावर चालली आणि तिथे अपोलोची गोष्ट थांबली.

मग पाठिंबा वाढला कधी?

इथे खरी गंमत आहे. १९७९ मध्ये, दहा वर्षांनी, अपोलोवरचा खर्च सार्थकी लागला असं म्हणणारे अमेरिकन होते ४७ टक्के. २००९ मध्ये ते झाले ७१ टक्के. मोहीम तीच, खर्च तोच. बदलली ती आठवण.

याचं सगळं श्रेय माहितीपटांना देता येणार नाही. पैसे भरणारी पिढी मागे पडली, की बिल विसरलं जातं आणि अभिमान उरतो. व्हिएतनामचा कडवटपणाही काळाबरोबर कमी झाला. पण त्या अभिमानाला चेहरा दिला तो पडद्याने. १९८९ चा ‘फॉर ऑल मॅनकाइंड’, २००७ चा ‘इन द शॅडो ऑफ द मून’, २०१९ चा ‘अपोलो ११’ अशा माहितीपटांनी प्रत्येक नव्या पिढीला चंद्र पुन्हा दाखवला.

मात्र माहितीपट म्हणजे नुसतं सत्याचं झेरॉक्स नसतं. ‘फॉर ऑल मॅनकाइंड’मध्ये दिग्दर्शक अल रीनर्ट यांनी वेगवेगळ्या मोहिमांची दृश्यं जोडून जणू एकच प्रवास दाखवला. पाहताना तो एका यानाचा प्रवास वाटतो, तसा तो नाही. ‘अपोलो ११’मध्ये दृश्यं खरी आणि क्रमाने आहेत, पण खर्चावरून पेटलेला वाद त्यात जवळपास नाही. हार्लेम त्या चौकटीच्या बाहेर राहतं. त्यामुळे दोन्ही माहितीपट एकामागोमाग पाहिले, तर २० जुलै १९६९ हा दिवस पूर्ण दिसतो.

मूळ टेप पुसल्या आणि संशयाला निमित्त मिळालं

चंद्रावरचा कॅमेरा सेकंदाला दहा चित्रं पाठवत होता. घरोघरीच्या टीव्हीला ती चालत नव्हती. त्यामुळे पृथ्वीवरच्या केंद्रांत ते चित्र एका पडद्यावर दाखवून त्याच्यासमोर दुसरा कॅमेरा लावला गेला आणि ते टीव्हीसाठी बदललं गेलं. यात चित्र धूसर झालं. लोकांनी पाहिलेली भुतासारखी पांढरी आकृती त्यामुळे तशी दिसते.

मूळ, अधिक स्पष्ट चित्र टेपवर नोंदलेलं होतं. पुढे नासाने त्या टेप शोधल्या. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला की त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात. टेपचा तुटवडा होता आणि जुन्या टेपची किंमत त्या वेळी कुणाला वाटली नाही. वाहिन्यांकडचं प्रक्षेपण शाबूत होतं, तेच स्वच्छ करून पुन्हा प्रसिद्ध केलं गेलं.

पण ‘नासाने टेप पुसल्या’ एवढंच वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरायला पुरतं. चंद्रावर कुणी गेलंच नाही, हा दावा त्याआधीपासून होता. बिल केसिंग यांचं पुस्तक १९७६ मध्ये आलं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने हाच संशय मांडणारा कार्यक्रम दाखवला. २००२ मध्ये विल्यम कॅरेल यांनी फ्रान्समध्ये ‘डार्क साइड ऑफ द मून’ बनवला. तो मुद्दाम केलेला खोटा माहितीपट होता आणि शेवटी तसं उघडही केलं होतं. पण शेवट कापून त्याचे तुकडे आजही ‘कबुलीजबाब’ म्हणून फिरतात.

पुरावा मात्र फक्त चित्रफितींचा नाही. अपोलो मोहिमांनी ३८२ किलो दगड-माती आणली, ती जगभरच्या प्रयोगशाळांत तपासली गेली. चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर आजही लेझर सोडून अंतर मोजलं जातं. नासाच्या उपग्रहाने उतरण्याच्या जागांचे फोटो काढले आहेत. आणि आपल्या चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरमधल्या कॅमेऱ्यानेही अपोलो ११ उतरलं ती जागा टिपली आहे.

चांद्रयान-३ च्या वेळी काय घडलं?

१९६९ मध्ये यान उतरतानाचं थेट चित्र उपलब्ध नव्हतं. टीव्ही वाहिन्यांनी प्रतिकृती आणि अॅनिमेशन दाखवून वेळ निभावली. खिडकीतून टिपलेली खरी फिल्म अंतराळवीरांसोबत पृथ्वीवर परतल्यावरच दिसली. २०२३ मध्येही आपण विक्रम उतरताना पाहिलं ते बहुतांश अॅनिमेशन आणि आकडे. लँडरच्या कॅमेऱ्याने टिपलेला उतरतानाचा व्हिडिओ इस्रोने दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध केला. तोवर अनेक फोनवर अॅनिमेशनच ‘चंद्रावरचा खरा व्हिडिओ’ म्हणून पोहोचलं होतं.

तसंच एक चित्र खूप फिरलं: चंद्राच्या मातीत उमटलेली ठसठशीत राजमुद्रा. प्रज्ञानच्या मागच्या चाकांवर राजमुद्रा आणि इस्रोचं चिन्ह कोरलेलं होतं, हे खरं. पण ते फिरणारं चित्र एका कलाकाराने संगणकावर बनवलेलं होतं. ज्यांनी ते पुढे पाठवलं, त्यांच्या मनात खोटेपणा नव्हता, आनंद होता. पण आणखी ५० वर्षांनी कुणी माहितीपट बनवायला बसलं, तर त्याच्यासमोर खऱ्या फोटोंपेक्षा अशा चित्रांचाच ढीग असेल.

भारताकडे आणखी एक ऐवज आहे, तो अपयशाचा. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ च्या लँडरशी संपर्क तुटला. नियंत्रण कक्षातली ती शांतता देशाने थेट पाहिली. चांद्रयान-३ चं यश कळायचं असेल, तर ही चार वर्षांपूर्वीची पहाटही जपून ठेवावी लागेल.

मग आता आपण काय करायचं?

हा प्रश्न नुसत्या आठवणींचा नाही, पैशाचाही आहे. चांद्रयान-३ चा खर्च साधारण ६१५ कोटी रुपये होता. चंद्रावरची माती पृथ्वीवर आणणाऱ्या चांद्रयान-४ साठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये २,१०४ कोटी रुपये मंजूर केले. २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवण्याचं लक्ष्य सरकारने जाहीर केलं आहे. इतक्या लांबच्या प्रवासाला एका संध्याकाळचा जल्लोष पुरत नाही. मधल्या वर्षांत लक्ष ठेवणारे लोक लागतात. त्यात कौतुक करणारे हवेत, तसे ‘हा पैसा कशासाठी?’ असं विचारणारेही हवेत. अपोलोचं अमेरिकेत जे झालं, ते विरोधापेक्षा कंटाळ्याने अधिक झालं.

त्यामुळे चंद्रावरचा पुढचा माहितीपट किंवा रील पाहताना तीन गोष्टी तपासून पाहता येतील. दृश्य खरं आहे की अॅनिमेशन? ते याच मोहिमेचं आहे की दुसऱ्या कुठल्या? आणि या गोष्टीत कुणाचा आवाज ऐकूच येत नाही?

आणि प्रज्ञानने पुढे काय पाहिलं, याची उत्सुकता असेल, तर २०२४ च्या पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनी, २३ ऑगस्टला, इस्रोने विक्रम आणि प्रज्ञानने गोळा केलेली माहिती ‘प्रदान’ या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली आहे. अपोलोची रिळं उघडायला ५० वर्षं लागली. ही एका वर्षात उघडली. आता ती पाहणं आपल्या हातात आहे.